शेवटचा टॅब

पारोळा मागे पडलं आणि नूतन सीटवर एकदम ताठ बसली. काल संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना आपण काय करून बसलो, ते तिला आत्ता, भर बसमध्ये, धुळ्याच्या अर्ध्या वाटेवर आठवलं होतं. उतरून परत फिरावं तर मुलाखत बुडते, आणि पुढे जावं तर जीव मागे जळगावात अडकलेला. कंडक्टरला काय त्याचं? त्याने बेल मारली आणि गाडी पुढे निघाली.

जळगावात अभिमन भाऊंचा लग्नाचे अल्बम बनवायचा स्टुडिओ होता. नूतन तिथे डिझाइनचं काम करायची. काम करायची असं आपण म्हणायचं. भाऊ तसं म्हणत नसत. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला स्टुडिओच्या वरची खोली राहायला दिली, मागच्या घरात सविता वहिनींनी तिचं दोन वेळचं ताट वाढायला घेतलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला भाऊ सांगू लागले, "ही आमची लेकच." आता लेकीला काही रविवारची सुट्टी नसते. लेकीने संध्याकाळी कुठे निघाली ते सांगून जायचं असतं. आणि लेकीने नोकरी सोडते म्हणायचं कसं, हे तर कोणालाच माहीत नाही. मालक खडूस असता तर नूतन केव्हाच चालती झाली असती. इथे भांडायलाही जागा नव्हती.

म्हणून तर तिने आज धुळ्याला मावशीकडे हळद आहे असं सांगितलं. धुळ्यात तिला मावशीच नव्हती. तिथे पाकिटं छापायचा एक कारखाना होता. मिरची पावडर, मसाले, पापड, अशा मालाची पाकिटं. तिथे डिझाइनची जागा निघाली होती. ठरलेली वेळ, रविवार मोकळा, आणि संध्याकाळी सहानंतर तू कुठे आहेस असं विचारणारं कोणी नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी ती पापडाच्या पाकिटावर जन्म काढायला तयार होती.

पण घोळ त्या टॅबांनी केला. स्टुडिओत एका वेळी दहा-बारा लग्नं चालू असत. रोज सकाळी त्यांची फोल्डरं एकेक करून उघडायचा नूतनला भारी कंटाळा. म्हणून तिने एक फुकटचा फाइल मॅनेजर शोधून बसवला. त्यात सगळी फोल्डरं एकाच खिडकीत, टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडी राहत. संध्याकाळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबलं की उघडे टॅब जसेच्या तसे जतन व्हायचे. सकाळी एसच्या जागी आर दाबलं की सगळे पुन्हा हजर, आणि काल शेवटी जो टॅब समोर होता तोच आजही समोर. तीन बोटांचं काम. भाऊंना त्याचं केवढं कौतुक! पण शिकायची वेळ आली की म्हणायचे, "तू आहेस ना."

काल संध्याकाळी तिने 'धुळे' नावाचं फोल्डर उघडून मुलाखतीसाठी केलेले पाकिटांचे नमुने पेनड्राइव्हवर घेतले होते. त्यात तिचा अर्जही होता, फोटोसकट. तेवढ्यात मागून वहिनींची हाक आली, ताट वाढलंय म्हणून. आणि तिच्या शहाण्या बोटांनी रोजच्या सवयीने कंट्रोल, शिफ्ट, एस दाबून टाकलं.

कारखान्याच्या बाकावर ती बसते न बसते तोच फोन वाजला.

"काय माय, हळद लागली का?"

"लागतेय, भाऊ."

"एवढा आवाज? डीजे लावला की काय?"

आत छपाईचं मशीन धडधडत होतं. "हो, डीजेच आहे," नूतन म्हणाली.

"सावद्याहून झुलाल आबा आलेत. अल्बमच्या कव्हरवरचा फोटो बदला म्हणतात. छपाईची गाडी बाराला निघते. तुझं ते सगळं एकदम उघडायचं बटण कोणतं ग?"

नूतन बाकावरून उठून उभी राहिली. "बटण राहू द्या, भाऊ. आपण हातानेच शोधू ना. डी ड्राइव्ह उघडा."

"उघडला. नाव काय फोल्डरचं?"

इथे एक सांगायला हवं. सावद्या-रावेरकडची निम्मी गिऱ्हाइकं पाटील, आणि उरलेली चौधरी नाहीतर महाजन. आडनावावर फोल्डर शोधायचं म्हणजे दिवस गेला. म्हणून नूतन लग्नात जे घडलं त्यावरून नाव द्यायची. 'घोडा बिथरला'. 'जनरेटर बंद'. पिंपळनेरच्या एका लग्नाचं नाव 'मांडव उडाला'. पद्धत चांगली होती, फक्त ती गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"फोन स्पीकरवर आहे का, भाऊ?"

"मग! हात मोकळे नकोत का?"

"नाव आहे… 'आबा रुसले'."

लगेच पलीकडून झुलाल आबांचा आवाज आला. "कोन रुसलं? मी? मले काय रुसाचं? व्याह्याले जरीचा फेटा आन मले साधा! मी रुसलो नव्हतो, मी सांगत होतो."

"आबा, जाऊ द्या हो," भाऊ म्हणाले. "नूतन, इथे 'आबा रुसले' एकपासून चारपर्यंत आहेत."

असणारच. कुठल्या लग्नात एखादे आबा रुसत नाहीत? भाऊंनी चारही उघडले, झुलाल आबांचं त्यातून निघालंही. पण आत फायनल, फायनल नवं, फायनल खरं, फायनल आबांसाठी अशी आणखी फोल्डरांची रांग लागलेली. काल आपण त्यातल्या कुठल्या फायनलवर काम करत होतो, ते नूतनला काही केल्या आठवेना. ते फक्त त्या जतन केलेल्या टॅबला माहीत होतं.

"पोरी," आबा पुन्हा बोलले, आता आवाज खाली आला होता. "कव्हरवर लेकीची माय नाही. ती काही बोलत नाही, पन मले दिसते ना."

नूतनने डोळे मिटले. एक वाट होती. आर सांगण्याऐवजी एस सांगायचं. समोर जे उघडं आहे तेच जतन होईल, जुने टॅब पुसले जातील, आणि 'धुळे' कोणाला दिसणार नाही. चूक भाऊंच्या बोटांची ठरेल. ते स्वतःलाच दोष देतील, आठवडाभर तिच्यापुढे ओशाळून वागतील. आणि आबांची बायको कव्हरबाहेरच राहील. नूतनला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही म्हणून हे असले विचार डोक्यात येतात, असं तिला वाटलं.

"कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेवा, भाऊ," ती म्हणाली. "आणि आर दाबा. आर."

खट् असा आवाज आला. "आले! बठ्ठे, सगळे आले!" भाऊ लहान मुलासारखे ओरडले. मग समोरचा टॅब त्यांना दिसला असणार. स्टुडिओतल्या पंख्याची घरघर नूतनला इथपर्यंत ऐकू येत होती.

"हे मिरच्या कोनाच्या लग्नातल्या?" आबांनी विचारलं.

"तुमचं हे बघा इकडे, आबा," भाऊ म्हणाले आणि फोन बंद झाला.

नूतनला वाटलं होतं आता रडू येईल. तसं झालं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं वाटलं. जे तोंडाने सांगता आलं नाही ते कॉम्प्युटरने सांगून टाकलं होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्या मोकळेपणाने ती मुलाखतीत अशी काही बोलली की कारखान्याचे मालक योगराज शेठ तिचे नमुने पुन्हा पुन्हा बघत राहिले.

"काम पसंत आहे," ते म्हणाले. "एकच विचारतो. अभिमन भाऊंना माहीत आहे ना? आपल्या धंद्यात दुसऱ्याचा माणूस त्याच्या शब्दाशिवाय कोणी ठेवत नाही."

"माहीत आहे," नूतन म्हणाली, आणि हे खरं होतं.

"मग झालं. मी रिवाज म्हणून त्यांना एक फोन करतो. तुम्ही एक तारखेपासून या."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून एकच वाक्य घोकत आली. भाऊ, मी जाणार आहे. पुढे काही जोडायचं नाही, माफी मागायची नाही, रडायचं नाही. जळगाव आलं तेव्हा दिवे लागले होते, आणि ती चक्क गुणगुणत रिक्षात बसली.

मागच्या घरात वरण-बट्टीचा घमघमाट सुटला होता. तिच्यासाठी पाट मांडून ठेवलेला. वहिनींचे डोळे लाल दिसत होते. भाऊ मात्र खुशीत होते.

"आबांचा अल्बम गाडीत गेला," ते म्हणाले. "ये, बस. योगराज शेठचा फोन आला होता. भला माणूस! विचारलं, पाठवता का पोरीला? मी म्हटलं, शेठ, पोरीला आमच्याकडे काही कमी पडलं असेल, तर ती चूक आमची. ती भिडस्त आहे, तोंडाने मागायची नाही. तुम्ही दुसरं कोणी बघा. लगेच म्हणाले, तुमचा शब्द म्हणजे विषय संपला."

"आम्हाला सांगायचं ना ग, माय," वहिनी म्हणाल्या. "खोली तापते, ते ध्यानातच आलं नाही. आजच कूलर बसवून घेतला."

नूतनला राग आला. एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता. तिने हात धुतला नाही, पाटावर बसलीही नाही.

"भाऊ, मी जाणार आहे," ती म्हणाली.

भाऊ हसले. उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाशील ग. लेक काय जन्मभर राहते का? लग्न करून जाशील तेव्हा आम्हीच पाठवू तुला, वाजतगाजत. अल्बमही मी स्वतः करीन."

"तसं नाही, भाऊ. मी जाणार आहे," नूतन पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने.

वहिनींनी तिचं ताट पुढे ओढलं, त्यात एक बट्टी कुस्करली आणि वरून तुपाची धार सोडली.