भरलेले हंडे

एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात चऱ्होलीत नळ बसला. उद्घाटनाला तालुक्याच्या कचेरीतले साहेब आले, आणि पुण्याच्या एका दैनिकाचे फोटोग्राफर दौलतरावही आले. तोटी होती, पण टाकीपासूनचा पाइप अजून यायचा होता. साहेबांना थांबायला वेळ नव्हता. दौलतरावांनी नदीवरून पाणी आणवले, गावातल्या सोजराबाईंचा हंडा काठोकाठ भरून तोटीखाली ठेवला आणि त्यांना जरा हसायला सांगितले. पाइप येणारच होता. त्यात दौलतरावांना फारसे वावगे वाटले नाही.

फोटो छापून आला. पाइप आला नाही. गावकरी कचेरीत गेले, तेव्हा नळ चालू झाल्याचे पेपरात आले आहे, असे त्यांना सांगण्यात आले.

सोजराबाईंचे गुडघे गेलेले. त्यांची सून दुर्गा आठव्या महिन्यातही इंद्रायणीच्या उतारावरून पाणी वाहत होती. मागच्या खेपेला याच वाटेवर पाय घसरून तिचे मूल पोटातच गेले होते. त्यामुळे आळंदीच्या बाजारात दौलतराव दिसताच सोजराबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, कोरड्या नळाचा फोटो काढतो. पण नुसता नळ संपादक छापणार नाहीत, बायकांनी हंडे घेऊन उभे राहावे.

ते आले तेव्हा बायका ठेवणीतली लुगडी नेसून नळाभोवती उभ्या होत्या. हंडे चिंचेने घासलेले, आणि प्रत्येक हंडा भरलेला. पहाटे नदीवरून भरून आणले होते. सोजराबाईंचा दुर्गाने.

“हंडे रिकामे करा, बाई,” दौलतराव म्हणाले.

“रिकामा हंडा घिऊन फोटूत? सून पोटुशी हाय माजी. असं इपरीत कुनी करतं व्हय?”

“मग पाणी नाही हे दिसणार कसं?”

“त्वांड पाडून हुबं ऱ्हातो की. मागं तुमीच हसा म्हनला, म्हून हसलो.”

एकीनेही हंडा उपडा केला नाही. दौलतरावांनी तसाच फोटो काढला.

पेपरात तो लहान करून छापला. चेहरे काळपट आले होते, हंडे लखलखत होते. खाली लिहिले होते : नळावर पाणी भरणाऱ्या चऱ्होलीच्या गृहिणी.

सोजराबाई पुन्हा कचेरीत गेल्या. साहेबांनी टेबलाच्या काचेखालची दोन्ही कात्रणे दाखवली.

“बाई, दोनदा पाणी आलंय तुमच्याकडे. आता आणखी काय पाहिजे?”

त्या घरी आल्या, तेव्हा दुर्गा रिकामा हंडा घेऊन उतार उतरत होती.