मेजर बाया सांगायला निघाले

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात त्यांना सगळे मेजरच म्हणतात. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर. गावाने उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, गुलाल उधळला, चौकात ‘वीरधवल मेजर’ असा फ्लेक्स लावला. दुसऱ्या दिवसापासून घरात बसलेल्या मेजरचं करायचं काय, ते माझ्या गळ्यात टाकून गाव मोकळं झालं.

आधी ते सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. ‘‘दार उघडायचं नि बंद करायचं, ह्येच काम व्हय?’’ म्हणत सोडून आले. मग म्हणाले, शेती करणार. मला खरंच आनंद झाला. लग्न झाल्यापासून हा माणूस मी सुट्टीपुरताच पाहिला होता. आता तो घरी राहणार होता, कृष्णाकाठच्या आमच्याच रानात.

पण शेती करणार म्हणजे चार्ज घेणार, हे मला उशिरा कळलं. इतकी वर्षं हळद मी लावली, मी काढली, शिजवून सांगलीच्या पेठेत मीच घातली. आता म्हणाले, ‘‘पूजा, तू लय केलंस. आता घरात बस निवांत.’’ प्रेमानंच म्हणाले, खोटं कशाला बोलू? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी काढणीच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारख्या कामाच्या बाया सांगून आले. म्हणजे राहीबाईपासून सुरुवात करून एकेकीच्या दारात जायचं, कुणाच्या नातवाची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि मग ‘उद्या येताय न्हवं?’ म्हणायचं. हे रोज. आज दिवसभर आपल्या रानात राबलेल्या बाईलासुद्धा संध्याकाळी पुन्हा सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर ती दुसऱ्याच्या रानात जाते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या आल्या. काम सुटताना ह्यांनी बायांना बांधावर ओळीत उभं केलं. ‘‘काढणी संपेस्तोवर तुमची ड्यूटी हितंच. रोज सकाळी सातला हजर ऱ्हायचं.’’ बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ह्यांना वाटलं, झालं काम.

घरी आल्यावर मी चप्पल घातली. ‘‘आवं, मी जरा बाया सांगून येते.’’

‘‘कशाला? एकदा ड्यूटी लागली की लागली. रोज आमंत्रण द्यायला ही काय कुणाची बारशी हायत?’’

‘‘आपल्याकडं असंच असतंय.’’

‘‘मानसं कशी चालवायची, ते मला शिकवू नको.’’

माझ्या सासूबाई, शालूबाई, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून ‘राहू दे’ अशी मान हलवली. मी चप्पल काढली.

सकाळी ट्रॅक्टरनं उरलेलं सगळं रान उकरून हळद वर काढली. हे घड्याळ बघत बांधावर उभे. सात वाजले, आठ वाजले. मग रस्त्यानं एक टेम्पो गेला. त्यात आमच्याच बाया होत्या, दुसऱ्याच्या रानाला निघालेल्या. राहीबाईनं हात वर करून ‘‘राम राम, मेजर!’’ अशी हाक दिली.

हळद उन्हात उघडी पडली. शिजवायचं मशीन दोन दिवसांनी येणार होतं. तोवर हळदीचे गड्डे मोडून, माती झाडून ढीग लागला नाही, तर ते पुढच्या गावाला जाणार आणि लवकर परत येणार नाही. कुणी न सांगता मी पाटी घेऊन रानात उतरले. दिवसभर आम्ही दोघं वाकून होतो, पण रानाचा एक कोपरासुद्धा उरकला नाही.

संध्याकाळी घरात आले नि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली ती काळी ट्रंक.

‘‘आकारामचा फोन आलाय,’’ म्हणाले. हा आकाराम त्यांच्या युनिटमधला, खंडाळ्याकडं एका कंपनीच्या गेटवर असतो. ‘‘जागा हाय. उद्याच ये म्हनतोय. तिथं कुनाला सॅल्यूट मारायचा, ते तरी कळतंय. हितलं मला जमत न्हाई.’’

आजवर दर वेळी ती ट्रंक मीच काढून दिली होती, लाडू बांधून दिले होते. जाऊ का, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. ऑर्डर यायची, आणि ती मला सांगितली जायची. आता तर ऑर्डरही नव्हती, तरी हा माणूस निघाला होता.

‘‘जावा,’’ मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. ‘‘पन हळद मी लावलीय. ती रानात वाळवून जाऊ नका. आधी बाया सांगायला चला.’’

राहीबाई दारात तांदूळ निवडत होती. हे अंगणात जाऊन ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटलेले. मी मागं, ओठ आवळून.

‘‘बोला की, मेजर.’’

‘‘उद्या सकाळी सातला...’’ म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे वळून बघितलं. कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं, ह्या माणसानं उभ्या नोकरीत एक तर हुकूम घेतला, नाही तर दिला. कुणाला काही विचारायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. माझा राग गेला आणि भीती वाटली, आता हा मागं फिरतोय की काय.

‘‘मावशी,’’ शेवटी म्हणाले, ‘‘काल माझं चुकलं. उद्या येशीला का?’’

‘‘न सांगता आमी मयताला जातो, मेजर. रानात न्हाई जात.’’ राहीबाईनं सूप खाली ठेवलं. ‘‘आन् माझी कंबर कशी हाय, ते कोन इचारनार?’’

ह्यांनी विचारलं. तिनं सविस्तर सांगितलं. ते उभ्याउभ्या सगळं ऐकत राहिले.

‘‘येते उद्याच्याला,’’ राहीबाई म्हणाली. ‘‘परवाचं परत सांगायला या.’’

मग दारोदार फिरलो. काहींना दुसऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. निम्म्याच बाया मिळाल्या. तेवढ्यावर हळद आवरेल की नाही, देव जाणे.

घरी येऊन मी परातीत पीठ घेतलं. हे मात्र आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे, पायात चप्पल तशीच.

‘‘काय झालं?’’

‘‘एक बाई ऱ्हायली सांगायची.’’ घसा खाकरला. ‘‘पूजा, तू येशील का उद्या रानात? घरात बस म्हनलो, त्ये चुकलं. तुझ्याबिगर मला जमंना.’’

माझे डोळे भरून आले. पण इतकी वर्षं न विचारलेलं एका वाक्यात कसं फिटणार?

‘‘आधी ती ट्रंक माळ्यावर टाका,’’ मी म्हणाले.

ते आत आले. कॉटवर चढून त्यांनी ट्रंक उचलली आणि माळ्यावर मागं, भिंतीपर्यंत सरकवली. मग खाली उतरून पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

‘‘येते उद्याच्याला,’’ मी म्हणाले. ‘‘परवाचं परत सांगायला या.’’