कन्सेप्टाबाईंचा पहिला नकार

आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या कन्सेप्टा गिल्हूलीबाईंनी सरकारकडे अर्ज केला तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. बेताच्या कमाईवाल्यांची घरं सरकार फुकटात उबदार करून देणार होतं. भिंतींना आतून अस्तर, माळ्यावर जाड लोकरी थर, खिडक्यांच्या फटी बंद, शिवाय नवा बॉयलर. अर्जाला आता बावीस महिने झाले होते. दर सहा महिन्यांनी एक पत्र येई आणि आपला अर्ज रांगेत आहे असं कळवी. भिंतीवरची ओल मात्र रांगेत थांबली नव्हती. ती खिडकीपासून निघून कपाटापर्यंत पोचली होती.

बाईंना स्वतःचं काही वाटत नव्हतं. काळजी होती ती फिंटनची, त्यांच्या थोरल्या भावाची. तो घरातही ओव्हरकोट घालून बसे, आणि खोकू लागला की थंडीत सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखा आवाज येई. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या घरात असाच आणखी एक हिवाळा काढलात, तर मार्चची खात्री मी देणार नाही."

सप्टेंबरात एका मंगळवारी फोन वाजला. बाईंचे हात पावाच्या पिठात होते.

"तुमचा नंबर लागलाय. गुरुवारी घर बघायला माणूस पाठवू का?"

"अहो, एवढ्या लांब कशाला कुणाला पिटाळता? आमचं चाललंय. आमच्याहून अडलेले असतील कुणी."

एवढं बोलून बाई थांबल्या. आता तो म्हणणार, असं कसं, यायलाच हवं. मग आपण म्हणणार, उगाच त्रास. मग तो तिसऱ्यांदा विचारणार आणि आपण नाइलाजाने हो म्हणणार. त्या भागात साधा चहासुद्धा पहिल्या विचारण्याला कुणी घेत नाही. घेणारा अधाशी ठरतो.

"बरं बाई, तशी नोंद करतो," असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला.

"कोण होतं गं?" फिंटनने विचारलं.

"सरकार. गुरुवारी येऊ का म्हणत होतं."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"किती वेळा?"

"एकदाच."

"मग करेल परत," फिंटन म्हणाला, आणि दोघं फोनकडे बघत बसली.

बारा दिवसांनी पत्र आलं. आपण सेवा नाकारली आहे. पुन्हा अर्ज करता येईल. सध्याची प्रतीक्षा चोवीस महिने. फिंटन ते वाचून खोकला, की हसला, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी हात धुतले आणि फोन लावला. चाळीस मिनिटं फोनवर व्हायोलिन वाजलं, मग कोलमन नावाचा माणूस बोलला.

"बाई, इथे नकार लिहिलाय."

"तो नकार नव्हता हो. तो पहिला नकार होता."

"माझ्याकडे एकाच नकाराचा रकाना आहे."

"तुमची आजी कुठली?"

"मेयोची, तुमच्याच पश्चिमेकडची," कोलमन म्हणाला. "आलं लक्षात. बरं, दुसऱ्यांदा विचारतो. माणूस पाठवू?"

"अहो राहू द्या, तुम्हाला आधीच कामं—"

"कन्सेप्टा," फिंटन खुर्चीतून म्हणाला, "त्याची आजी मेलेली असली तर तिसऱ्यांदा विचारायचं त्याला कोण सांगणार?"

पण कोलमनने विचारलं. बाई म्हणाल्या, "एवढं म्हणताय तर पाठवा," आणि त्यांची जुनी जागा त्यांना परत मिळाली.

गोष्ट इथे संपती तर बरं होतं. पण कोलमन मनापासून काम करणारा निघाला. त्याने जिल्ह्यातले सगळे नकार बाहेर काढले आणि एकेकाला आणखी दोनदा विचारलं. जवळजवळ सगळे हो म्हणाले. नोव्हेंबरात बाईंना पत्र आलं. होकारांची संख्या अनपेक्षितपणे वाढल्यामुळे पाहण्या लांबल्या आहेत. आपली फेब्रुवारीत होईल.

"शिकव आणखी लोकांना," फिंटन म्हणाला.

"तू खोकू नकोस म्हणजे झालं."

"फेब्रुवारीपर्यंत ना? बघतो."

बाईंनी त्याचा पलंग स्वयंपाकघरात चुलीशेजारी ओढून आणला. खिडकीवर आईच्या लग्नातली रजई ठोकली. चूल रात्रंदिवस पेटती ठेवली आणि तीन महिन्यांचा सगळा जळणसाठा नाताळापर्यंत संपवला. मग शेजाऱ्यांनी टर्फचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे, दोन ट्रेलर आणून टाकले. जानेवारीत फिंटन दहा दिवस दवाखान्यात होता. तिथे फार गरम होतं असं तो परत आल्यावर सांगत राहिला.

नऊ फेब्रुवारीला फाटकाशी एक गाडी थांबली. टेप आणि वही घेतलेला माणूस पायरीपर्यंत आला. बाई मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. दार फिंटनने उघडलं, ओव्हरकोटात, हाडं मोजता येतील इतका वाळलेला, पण स्वतःच्या पायांवर.

त्या माणसाने अजून नावही सांगितलं नव्हतं.

"हो," फिंटन म्हणाला.