नाव कुठं घेतलं?

विद्यापीठात त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. विद्यार्थी साहाय्य विभाग त्यांनीच उभा केला होता. वर्गात येईनाशी झालेली, विषय राहिलेली, खोलीचं दार लावून पडून राहणारी मुलं हुडकायची, त्यांना बोलतं करायचं, वरच्या वर्गातला एखादा सोबती जोडून द्यायचा, राहिलेले विषय पुन्हा शिकवायची सोय करायची, असं ते काम. सुरुवातीला विभागाला जिन्याखालची खोली मिळाली होती. तिथं आधी मोडक्या खुर्च्या टाकत. ‘मोडकं ते इथंच, ही रीत काही बदलली नाही,’ असं मॅडम तेव्हा हसत हसत सांगायच्या. आता विभागाला अख्खा मजला होता आणि हाताखाली एक तरुण समुपदेशक होती. मुलं ओघानंच तिला धाकट्या मॅडम म्हणत.

मोठ्या मॅडमच्या जिभेवर साखर होती. मुलं त्यांच्याशी बोलत, हे खरंच. पण त्याहून खरं हे, की मॅडम मुलांविषयी फार सुंदर बोलत. कुलगुरूंना कुठून पाहुणे आले की ते मॅडमना हाक मारत.

त्या वर्षी पालकसभेला शिक्षण खात्याची माणसं येणार होती. विभागाचं काम पटलं तर ते सगळ्या विद्यापीठांत सुरू होणार होतं. मॅडमनी भाषणासाठी गणितवाल्या मुलीची गोष्ट निवडली.

ही मुलगी बसड्रायव्हरची. तिचे वडील तिच्याच मार्गावर बस चालवत. रोज सकाळी ती त्यांच्या मागच्या सीटवर बसून यायची. गेटपाशी उतरली की वडील दोनदा हॉर्न वाजवायचे आणि सगळ्या बसला सांगायचे, ‘गणित शिकते आमची!’ मुलगी हात हलवून आत जायची आणि झाडांमागून थेट मागच्या गेटनं बाहेर पडायची. दिवसभर कुठंतरी बाकावर बसून राहायची. पहिल्या परीक्षेत ती सगळ्या विषयांत आपटली होती. वर्गात पाऊल टाकलं की हातपाय गार पडायचे. घरी पत्ता नव्हता. धाकट्या मॅडमनी तिला शोधून आणली, मोठ्या मॅडमनी बोलती केली. दार लावल्यावर मुलीनं आधी विचारलं होतं, “हे बाहेर नाही ना जाणार?”

“या खोलीतलं या खोलीत,” मॅडम म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा ते मनापासून म्हणाल्या होत्या.

मुलगी सावरली. यंदा ती वर्गात दुसरी आली होती.

मॅडमनी घरी भाषणाची तालीम केली. नवरा स्वयंपाकघरात मटार सोलत ऐकत होता. हॉर्नच्या जागी तो खो खो हसला, मागच्या गेटाशी गप्प झाला. मॅडमना तेच हवं होतं.

“झकास,” तो म्हणाला. “त्या पोरीला विचारलंस का?”

“अरे, नाव कुठं घेतेय मी?”

“तसं नव्हे...”

“मटार बघ, सगळे किडके घेतोयस,” मॅडम म्हणाल्या आणि विषय तिथंच मिटला.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मॅडमची एक जुनी सवय होती: समोरच्या गर्दीतला एक चेहरा निवडायचा आणि सगळं भाषण त्यालाच सांगायचं. तिसऱ्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ कोपरं गुडघ्यांवर टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. मॅडमनी त्यांनाच धरलं, आजूबाजूला बघितलंच नाही.

“आमच्याकडे एक मुलगी आली,” त्यांनी सुरुवात केली. “वडील बस चालवतात.”

गृहस्थ खुलले. आपल्या धंद्यातलं कुणी निघालं म्हटल्यावर माणूस खुलतो तसे. मॅडमनी हॉर्नची नक्कल केली. सभागृहात हशा पिकला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तिसऱ्या रांगेतले गृहस्थ. मांडीवर थाप मारून हसले. मॅडमना चेव आला.

“लेक पुढच्या गेटनं आत,” त्या म्हणाल्या, “आणि वडिलांची बस वळायच्या आत मागच्या गेटनं बाहेर!”

पुन्हा हशा. गृहस्थांचं हसू मात्र अर्ध्यावर अडकलं. ते हसू पुसलं गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहिलं. फक्त त्याच्या आतलं माणूस निघून गेलं. त्यांनी हळूच मान वळवली. शेजारी गणितवाली मुलगी बसली होती. ती खाली बघत नव्हती. ती सरळ मोठ्या मॅडमकडे बघत होती.

मॅडमना कळलं. त्या क्षणी, तिथंच, सगळं कळलं. गोष्ट बदलता आली असती, पाणी प्यायच्या मिषानं थांबता आलं असतं, चार वाक्यं गाळून भलतीकडे वळता आलं असतं. बोलण्यातच हयात गेलेल्या बाईला ते अवघड नव्हतं. पण पुढच्या रांगेत खात्याचे साहेब डोळे टिपत होते आणि गोष्टीचं टोक अजून यायचं होतं. मॅडमनी नजर तिसऱ्या रांगेवरून उचलून पाचव्या रांगेतल्या एका बाईंवर ठेवली आणि गोष्ट शेवटाला नेली. बाकावरचे दिवस, गार पडणारे हात, ‘बाबांना कळलं तर मी तोंड कसं दाखवू’ हे मुलीचं रडणं, एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबला तेव्हा तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

कुलगुरूंनी पाठ थोपटली. तरुण समुपदेशक मात्र खुर्च्या सरळ करत राहिली, आणि मोठ्या मॅडम जवळ आल्या तशी तिथून निघून दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करायला गेली.

घरी नवऱ्यानं विचारलं, “कसं झालं?”

“छान,” त्या म्हणाल्या, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसल्या. चूक प्रत्येकाकडून होते, अशी समजूत त्या दिवसभर मुलांची घालत. पण जे झालं होतं ते चुकून झालं नव्हतं. दिसल्यावर केलं होतं.

मुलगी वर्गात यायची थांबली. मॅडम बसडेपोत गेल्या. ड्रायव्हर आपल्या बसच्या पायरीवर बसून डबा खात होते. मॅडमना बघताच ते उठून उभे राहिले, आणि त्या उठण्यानंच मॅडम अर्ध्या झाल्या.

“बसा ना, जेवा तुम्ही. मी माफी मागायला आले.”

“माफी कसली मॅडम. पोरीला तुम्हीच वर काढलीत.” ते बसले, पण डबा त्यांनी झाकून ठेवला. “नापास झाली त्याचं मला काही नाही हो. मीही शाळेत काय दिवे लावले होते? घरी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, बस पुन्हा परीक्षेला.” त्यांनी डब्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. “पण मी हसलो ना. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. ती शेजारी बसली होती आणि मी हसत होतो. आता ती माझ्या बसमध्ये बसत नाही. म्हणते, चालत जाईन.”

“तिला भेटू का?” मॅडमनी विचारलं.

“तिलाच विचारा,” ड्रायव्हर म्हणाले. “तेवढं मात्र विचारून करा.”

मुलगी भेटायला तयार झाली, पण त्या खोलीत नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती उभ्याउभ्याच बोलली.

“मी तुझं नाव...” मॅडमनी तोंड उघडलं.

“नाव नाही घेतलंत. बस घेतलीत, हॉर्न घेतलात, बाबांना घेतलंत. वर्गातल्या सगळ्यांनी तो हॉर्न रोज ऐकलाय, मॅडम.” तिचा आवाज चढला नाही. “मला एकच विचारायचंय. तुम्ही आम्हाला बघितलंत ना? तुमची नजर आली होती. मग थांबला का नाहीत?”

साहेब आले होते, विभागाचा प्रश्न होता, गडबडून गेले, अशी उत्तरं ओठांवर येऊन रांगेत उभी राहिली. मॅडमनी ती सगळी गिळली.

“टाळ्या यायच्या राहिल्या होत्या,” त्या म्हणाल्या.

“बरं झालं, खरं सांगितलंत,” मुलगी म्हणाली. “पण मी तुमच्याकडे येणार नाही आता.”

“येऊ नकोस. धाकट्या मॅडमकडे जा. वर्ग मात्र सोडू नकोस.”

“ते मी बघेन,” मुलगी म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मॅडमनी कुलगुरूंकडे जाऊन घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “राईचा पर्वत करताय तुम्ही. नाव तर घेतलं नव्हतं!” आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मॅडमना शिसारी आली. मुलांच्या मुलाखती यापुढे मी घेणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. विभागातल्या सगळ्यांना बसवून त्यांनी कारणही सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच त्यांचे शब्द अडखळत होते आणि ऐकणारे खाली बघत होते. धाकट्या मॅडमनी तेवढं विचारलं, “मग बाहेर बोलायला कोण जाणार?”

“कुणीच नाही. आकडे पाठवू. गोष्टी नाही.”

खात्याला आकडे कोरडे वाटले. विभाग दुसरीकडे कुठं सुरू झाला नाही, आणि कुलगुरूंनी मॅडमना बोलावणं हळूहळू बंद केलं. मॅडम आता शिकवण्यांची वेळापत्रकं लावत, सोबती जोडून देत आणि समुपदेशनाच्या खोलीसमोरून जाताना पावलं उचलून जात.

मुलगी आठवड्याभरानं वर्गात आली. धाकट्या मॅडमकडे मात्र ती गेली नाही. कुणाकडेच गेली नाही. वडिलांशी तिचं कधी आणि कसं जुळलं, हे मॅडमना कळलं नाही. कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुढं ती उत्तम गुणांनी पास झाली. पदवीच्या दिवशी बापलेक आवारात शेजारी शेजारी चालताना दिसले. ड्रायव्हर काहीतरी सांगत होते, मुलगी ऐकत होती. मॅडम समोरूनच येत होत्या. ड्रायव्हरांनी मान लववली. मुलीनं लववली नाही, पण नजरही चुकवली नाही.

मॅडमनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.