काट्यावरची पिशवी

तीन दिवस मी त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरशी झगडत होते. वजनकाट्यावरचा आकडा वायरीतून त्याच्याकडे जायला हवा होता, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटेल तर शपथ! दोघांचा आकडे पाठवण्या-घेण्याचा वेग जुळवला, वायरींची अदलाबदल केली, नवी केबल आणली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांनी जन्मभर काटे दुरुस्त केले. त्या दुपारी ते वर्कशॉपमध्ये आले, वजन म्हणून आपली पिशवी काट्यावर ठेवली आणि स्टुलावर बसले. "अगं, काटा बोलतोय बघ, तुझाच हा कॉम्प्युटरचा डबा..."

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं? जरा गप्प बसा ना!"

मी पुन्हा वायरींत डोकं घातलं.

तासाभराने घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. काट्याची वायर ज्या पोर्टला जोडली होती, त्याच पोर्टवर कॉम्प्युटरचं लॉगिन ठाण मांडून बसलं होतं. काटा बिचारा वजन सांगायचा आणि हा शहाणा उलट विचारायचा, नाव काय, पासवर्ड काय? मेल्याचं लॉगिन कायमचं बंद केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

४.२६० किलो.

"आलं! बाबा, आलं!" स्क्रीनवरून नजर न काढता मी ओरडले.

तेवढ्यात आकडा शून्यावर आला. आता परत काय बिनसलं? दातओठ खात मी वायर हलवून पाहिली. शून्यच. मग कुठे मान वर केली.

काटा अगदी बरोबर सांगत होता. त्याच्यावर पिशवी नव्हती आणि स्टूलही रिकामं होतं.