व्हरमाँटसाठी तिळगूळ

दुबईच्या अल मनखूलमधल्या त्या फ्लॅटात गेले सहा महिने व्हरमाँट नावाचे राज्य पोटभाडेकरूसारखे राहत होते. फ्रिजच्या दारावर त्याचा नकाशा होता, जेवणाच्या टेबलावर तिथल्या कॉलेजांची माहितीपत्रके होती, आणि एसीच्या झोताखाली बसून सदानंद रोज संध्याकाळी तिथल्या बर्फाची चौकशी करत असे. तो चिलर बसवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. गारवा ही त्याच्या लेखी बसवण्याची, मोजण्याची आणि दुरुस्त करण्याची वस्तू होती. जिथे तो नुसता आभाळातून पडतो, त्या प्रांताविषयी त्याला आदर आणि संशय दोन्ही सारखेच वाटत.

"अख्ख्या राज्याची वस्ती आपल्या शारजाच्या निम्मीसुद्धा नाही," तो म्हणे. "आणि त्यात एवढी कॉलेजं! शिकवतात कुणाला, गाईंना?"

"गाईंनाही अप्लाय करावं लागतं, बाबा," ईश्वरी वर न बघता म्हणे. "इट्स व्हेरी कॉम्पिटिटिव्ह."

"हस तू. त्यातली दोन-चार बंदसुद्धा पडली मुलं न मिळाल्यामुळे. तू गेल्यावर कॉलेजच खलास झालं तर?"

"तर मी गाईंना शिकवीन."

ईश्वरी सतरा वर्षांची. दुबईत जन्मली, दुबईत वाढली, आणि हे शहर तिने बहुतेक काचेतूनच पाहिले होते. स्कूलबसची काच, बाबांच्या गाडीची काच, मॉलची काच. कुठेही जायचे म्हणजे कुणीतरी सोडायचे आणि कुणीतरी न्यायला यायचे. दारातून दारात पोचवल्या जाणाऱ्या पार्सलाला जगाविषयी जेवढे ठाऊक असते तेवढेच आपल्याला ठाऊक आहे, असे तिला हल्ली वाटू लागले होते. म्हणून ज्या राज्याची राजधानी शारजातल्या रोल्लाच्या एखाद्या बाजारदिवसात हरवून जावी एवढीशी आहे, जिथे हेझलब्रुक नावाचे एक कॉलेज टेकडीवर बसून नदीकडे बघत असते आणि वर्गातून खोलीवर जायला पाय पुरतात, त्या राज्याने तिच्या मनात घर केले होते. हे कारण तिने घरात कुणालाच सांगितले नव्हते. घरात सांगितलेली प्रत्येक गोष्ट तासाभरात सगळ्यांची होत असे.

आता हेझलब्रुकची मुलाखत आली होती. अशा लहान कॉलेजांची एक रीत असते. आपल्या भागात राहणारा त्यांचा एखादा जुना विद्यार्थी आपल्याला अर्धा तास भेटतो, गप्पा मारतो आणि आपल्याविषयी चार ओळी कॉलेजला कळवतो. ईश्वरीच्या वाट्याला आल्या होत्या डॉक्टर जैनब. अल ऐनच्या विद्यापीठात त्या खडकांविषयी शिकवत. कॉलेजने दोन गोष्टी निक्षून सांगितल्या होत्या. पालकांनी मुलाखतीत बसू नये आणि मुलाखत घेणाऱ्यास कसलीही भेटवस्तू देऊ नये. ईश्वरीने त्या दोन वाक्यांवर एखाद्या कवितेवर करावे तसे प्रेम केले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी लेखी कळवले होते की या खोलीत तू एकटीच ये.

मिठाचा खडा पडला तो शनिवारी सकाळी. जैनबबाईंचा निरोप आला: पाय मुरगळला आहे, विद्यापीठातल्या कॅफेऐवजी घरीच ये, माझी आईही घरी असेल.

"घरी?" शोभनाने चहाचा कप खाली ठेवला. "मग रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"आई, नो. नो गिफ्ट्स. रूल आहे."

"गिफ्ट कोण देतंय? तिळगूळ आहे. संक्रांत होऊन तीनच दिवस झालेत. रथसप्तमीपर्यंत भेटेल त्याला द्यायचाच असतो. आपल्या वॉचमनला दिला, पलीकडच्या मुनिबाला दिला, त्या लिफ्टवाल्यालासुद्धा दिला. ते सगळे काय तुला अ‍ॅडमिशन देणार होते?"

या युक्तिवादाला तोड नव्हती. शोभना बर दुबईतल्या एका क्लिनिकचे रिसेप्शन सांभाळत असे, आणि तिच्यापुढे भलेभले पेशंट मुकाट्याने रांगेत बसत.

"मी बसने जाऊ का?" ईश्वरीने शेवटचा प्रयत्न केला. "अल घुबैबाहून थेट अल ऐनची बस आहे."

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिले. तिने उंटावरून जाण्याची परवानगी मागितली असती तर ते कमी दचकले असते.

अखेर तह झाला. आई-बाबा गाडीतच बसतील. तिळगुळाचा डबा डिकीतच राहील. दोघांनीही शपथेवर कबूल केले, आणि शोभना आत जाऊन काळी साडी नेसून आली. गाडीतच बसायचे असले तरी संक्रांतीचे काळे ते काळे.

दुबई मागे पडली तशी वाळू तांबूस होत गेली. रस्त्याकडेच्या कुंपणापलीकडे घाफची झाडे एकेकटी उभी होती, प्रत्येक झाड आपापल्या सावलीपुरते बोलणारे. हिवाळ्यातले ऊन उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे सौजन्याने वागत होते. ईश्वरीला गाणे ऐकायचे होते. सदानंदला तयारी करून घ्यायची होती.

"व्हाय व्हरमाँट?"

"स्मॉल क्लासेस, बाबा. स्ट्राँग सायन्सेस. क्लोज कम्युनिटी."

"गुड. पण आवाजात जोर नाही. 'कम्युनिटी'वर जोर दे. आणि सांग की यूएईत तीन व्हरमाँट मावतात. इम्प्रेस होतील."

"त्यांचं राज्य किती लहान आहे हे त्यांनाच सांगू?"

"तेही खरं," सदानंद म्हणाला.

घराच्या भिंतीवरून बोगनवेल ओसंडत होती. ईश्वरी उतरली. फाटकापासून दारापर्यंतची वाट फार तर दहा-बारा पावलांची असेल, पण ती तिने सावकाश चालून घेतली. मागे कुणी नव्हते. हातात काही नव्हते. हात कुठे ठेवावेत हे कळेनासे झाले होते आणि त्या न कळण्यातही एक मजा होती.

जैनबबाई पस्तिशीच्या असाव्यात. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून त्या प्रसन्नपणे बसल्या होत्या. शेल्फवर दगडच दगड होते. बोलणे इंग्रजीतच सुरू झाले. आधी शाळेविषयी, मग ईश्वरीने केलेल्या वाळूच्या प्रयोगाविषयी. बाईंनी एक करडा दगड तिच्या हातात दिला. हेझलब्रुकच्या नदीतला होता तो. गुळगुळीत आणि अनपेक्षित जड. हात कुठे ठेवावेत हा प्रश्न मिटला. घोडे अगदी गंगेत न्हाणार, एवढ्यात बाहेरून हाक ऐकू आली.

बाईंच्या आईने, उम्म उझैर यांनी, खिडकीतून पाहिले होते: आपल्या दारात गाडी उभी आहे आणि गाडीत दोन माणसे बसली आहेत. त्यांच्या पिढीतल्या अनेकांसारखे त्यांना जुन्या बाजारातली हिंदी येत होती, आणि ती त्या मोठ्याने बोलत.

"गाडी में क्यों बैठा? मेहमान बाहर, हम अंदर? ऐब है! यल्ला, आओ!"

"नहीं नहीं, आंटीजी, रूल है," सदानंदचा आवाज केविलवाणा झाला होता.

"कौन सा रूल? मेरे घर का रूल मैं बोलेगा."

ईश्वरीने डोळे मिटले. दार उघडल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग, तिचा कानांवर विश्वास बसेना, डिकी बंद झाल्याचा. पलीकडच्या खोलीत कॉफीचे पेले किणकिणले. थोड्याच वेळात शोभना मनापासून हसली. उम्म उझैर यांचा काळा अबाया पाहून ती म्हणत होती, "आप को कैसे पता, आज काला पहनना है?"

"तुझे आई-बाबा?" जैनबबाईंनी विचारले.

"हो. ते गाडीत बसणार होते. प्रॉमिस केलं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "आय ॲम सो सॉरी."

"माझ्या आईपुढे कुणाची प्रॉमिसं टिकत नाहीत. बरं, मला सांग, व्हरमाँटच का?"

ईश्वरीने तोंड उघडले, आणि नेमके तेव्हाच भिंतीपलीकडून सदानंद ठणठणीत आवाजात सांगू लागला, "स्मॉल क्लासेस, आंटीजी! स्ट्राँग सायन्स! क्लोज कम्युनिटी!" 'कम्युनिटी'वर जोर अगदी योग्य पडला होता.

पाठ केलेले उत्तर असे दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलेले ऐकले की ते परत आपल्या तोंडात घेता येत नाही. जैनबबाई हसू दाबत राहिल्या.

तेवढ्यात दार ढकलून उम्म उझैर आत आल्या. हातात बशी, बशीत एक लाडू. नव्यानेच शिकलेला मंत्र लेकीला ऐकवायला त्या उतावीळ झाल्या होत्या. "खाओ, बेटी. ये खाओ, फिर मीठा बोलो. इन का रस्म है." बशी टीपॉयवर ठेवून त्या आल्या तशा गेल्या.

लाडू दोघींच्या मध्ये उरला. केवढासा तो, तिळाचा आणि गुळाचा, पण खोलीतले सगळे दगड मिळून त्याच्याएवढे जड नव्हते. गप्प बसले तर बाई तो सहज उचलून खातील, आणि एक नियम कुणाच्या ध्यानीमनी नसताना मोडेल. बोलावे तर आईने काय केले हे आपल्याच तोंडाने सांगायचे.

"प्लीज, तो खाऊ नका," ईश्वरी म्हणाली.

बाईंचा हात थांबला.

"म्हणजे खा, पण माझ्याविषयी लिहून झाल्यावर. आमच्यात हा देताना म्हणतात, गोड बोला. आईच्या मनात तसं काही नाही, ती लिफ्टवाल्यालाही देते. पण तुम्ही तो खाऊन माझ्याविषयी गोड लिहिलंत, तर मला कधीच कळणार नाही की ते माझं होतं की लाडवाचं." तिने श्वास घेतला. मुठीतला दगड गरम झाला होता. "व्हरमाँटचं उत्तर पण तेच आहे. मला एकदा अशा ठिकाणी जायचं आहे, जिथे मी चालत जाईन आणि आत शिरताना माझ्याबरोबर फक्त मी असेन. आई-बाबा नकोत असं नाही. पण ते नसताना मी कशी आहे, हे मी अजून पाहिलेलंच नाही. लहान जागा अशासाठी हवी, की तिथे हरवले तरी पायीच सापडेन."

भिंतीपलीकडे शोभना गुळाचा पाक कसा ओळखायचा ते हातवाऱ्यांसह समजावत असावी, कारण बांगड्या वाजत होत्या.

जैनबबाईंनी टीपॉयवरचा आपला रिकामा कप उचलला आणि लाडवावर पालथा घातला.

"मी तिथे पोचले तेव्हा माझ्याबरोबर अख्खी वरात होती," त्या म्हणाल्या. "आई, मावशी, भाऊ, दोन मोठ्या पेट्या खजूर. पहिल्या आठवड्यात एका मुलीने मला खोलीवर बोलावलं. माझे खजूर संपले होते, म्हणून मी गेलेच नाही. ती मलाच शोधत आली. म्हणाली, तुझी वाट बघत होतो, खजुरांची नाही." त्या थांबल्या. "चार वर्षं मी दगड शिकले, ते खरंच. पण कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं धैर्य, ते शिकायला मला त्याहून जास्त वेळ लागला. तू आज फाटकापासून चालत आलीस ना, मी खिडकीतून बघत होते. हात हलवायचे की नाही, तेच ठरत नव्हतं तुझं."

ईश्वरी हसली. मग अर्ध्या तासाचा तास झाला, आणि त्या तासात काय बोलणे झाले ते सांगता येणार नाही, कारण ते तिने कुणालाच सांगितले नाही.

निघताना उम्म उझैर यांनी डबा परत दिला. तो खजुरांनी इतका भरला होता की झाकण लागत नव्हते. "खाली डब्बा वापस? ऐब है," त्या म्हणाल्या, आणि शोभनाला त्या आपल्याच कुणी आत्या असल्याचा साक्षात्कार झाला.

गाडी घाफच्या झाडांपाशी आली तसा सदानंदचा धीर सुटला. "काय काय विचारलं?"

"छान झालं, बाबा."

"ते झालं. पण काय विचारलं? व्हाय व्हरमाँट विचारलं?"

"ते माझं आहे," ईश्वरी म्हणाली.

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून तो आणखीच गोंधळला. त्याने शेजारच्या सीटवरच्या शोभनाकडे पाहिले. शोभना बाहेर बघत होती. मांडीवरच्या डब्यावरचा तिचा हात मात्र जरा घट्ट झाला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिचं आहे म्हणतेय ना."

सूर्य उतरू लागला होता. वाळूवरून गाडीची लांब सावली पळत होती, आणि तिच्यात बसलेल्या तिघांचे तीन वेगळे आकार काही ओळखू येत नव्हते. ईश्वरीने काच खाली केली. बाबा एसीविषयी काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत.

दुबईचे दिवे दिसू लागले तेव्हा तिच्या फोनवर जैनबबाईंचा निरोप आला. तिने तो वाचला, जरा विचार केला, आणि फोन पुढच्या सीटवर आईच्या हातात दिला. त्या दिवसातले एवढेच तिने वाटून टाकले.

शोभनाने चष्मा लावून मोठ्याने वाचले: "रिपोर्ट पाठवला. आता लाडू खाल्ला. फार कडक आहे. दात पडायचा राहिला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, लाडू कडक झालेत?" सदानंद म्हणाला.

"पाक दोन मिनिटं जास्त झाला," शोभना पुटपुटली. "मला तेव्हाच कळलं होतं." आणि झाकण न लागलेल्या डब्यातून एक खजूर काढून तिने तो मागे हात करून लेकीपुढे धरला.