असल केक

"ह्यात साखर नाय, तर गोड कित्याक लागता?" रुपालीने बोट चाटून विचारलं.

"खजुराचो रस घातलंय," लवू म्हणाला.

रुपालीने टेबलाभोवती एक फेरी मारली. लेकीच्या पहिल्या वाढदिवसासाठी लवूने सकाळपासून खपून केलेला नाचणी-केळ्याचा केक कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या त्याच्या खोलीत चौकशीला बोलावल्यासारखा बसला होता. आतून शिजला का ते पाहायला लवूने त्यात एसीच्या हवेचं तापमान मोजायची सळई खुपसली होती. ती धुतली होती का आणि त्याआधी कुठे कुठे जाऊन आली होती, हे रुपालीने विचारून घेतलं होतं.

सगळ्यांत जास्त संशय मात्र खुद्द लेकीला, नर्मदाला होता. लवू सहा वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त करत होता. शेवटच्या सुट्टीहून तो परतला तेव्हा ती पोटात होती. लेकीला त्याने समोरासमोर पाहिलं ते आठ दिवसांपूर्वी, विमानतळावर. मायलेकी महिनाभरासाठी आल्या होत्या. आठ दिवसांत नर्मदा त्याच्याकडे एकदाही गेली नव्हती. त्याने हात पुढे केले की ती आईच्या खांद्याआडून अशी बघे, की लवूला आपली सिव्हिल आयडी दाखवावीशी वाटे. आज पहिला घास तिने आपल्या हातून खावा, एवढंच त्याला हवं होतं.

रुपालीने रसाची बाटली मागितली. लेबल अरबीत होतं.

"तुमी वाचलात?"

"विचारलंय."

शर्क भागातल्या एका दुकानात त्याने बाटली हातात घेऊन खजुराचा रस असली आहे ना, असं हिंदीत विचारलं होतं. दुकानदार छातीवर हात ठेवून "असल, असल" म्हणाला. लवूला माणूस सज्जन वाटला. बारिद, हार आणि बुकरा, म्हणजे थंड, गरम आणि उद्या, या तीन शब्दांवर त्याची सहा वर्षं निघाली होती. चौथा कधी लागलाच नव्हता.

शेजारच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या यूनुसला अरबी वाचता येत होतं, म्हणून त्याला बोलावलं. त्याने बाटली डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली.

"असलच लिवलंय."

लवूने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"असल म्हंजे मध," यूनुस म्हणाला.

वर्ष पुरं होईस्तोवर मध नको, जिवावर बेतेल, असं गावच्या डॉक्टरने बजावलं होतं. आज झालंच की वर्ष, असं यूनुसचं म्हणणं. जन्म संध्याकाळी सहाचा, असं रुपालीने सांगितलं. इथे चार वाजले होते, पण गावी साडेसहा होऊन गेले होते. त्यामुळे मुलगी एक वर्षाची आहे की नाही, यावर तिघांनी गंभीरपणे विचार केला.

"माझ्या चेडवाच्या पोटाक घड्याळ कळता काय?" रुपाली म्हणाली.

लवूने केक उचलून यूनुसच्या हातात दिला.

एक केळं उरलं होतं. लवूने ते वाटीत कुस्करलं आणि घास पुढे केला. नर्मदाने ओठ घट्ट मिटले. त्याने पुन्हा केला. तिने मान फिरवली.

रुपाली हळूच म्हणाली, "फोन करा."

"कोणाक?"

"आमका. भायर जावन."

वर्षभर नर्मदाने बाबा पाहिला होता तो फोनमध्येच, गळ्यापर्यंतचा. लवू जिन्यात जाऊन उभा राहिला आणि दाराआडच्या बायकोला त्याने व्हिडिओ कॉल लावला. नर्मदा खिदळली. आईच्या हातून तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसरा तिने स्वतःच्या मुठीत धरला आणि फोनमधल्या बाबाला भरवला.

लवूच्या स्क्रीनवर सगळीकडे केळं पसरलं. पलीकडचं काही दिसेना. त्याने तोंड उघडलं, आणि सावकाश चावलं.